दुपारी एक ते चार

सोमवार, ५ एप्रिल १९९९

पुणे! रात्रभर एस.टी.त बसून अंग आंबलंय, पण मन प्रसन्न आहे. यवतमाळहून निघताना आईने दिलेला शंकरपाळ्यांचा डबा खडकीला मावशीच्या क्वार्टरवर ठेवला, अंघोळ केली आणि दहाच्या ठोक्याला नारायण पेठेत हजर झाले.

दहावी-बारावीची गाइडं छपाईसाठी तयार करून देणारं हे छोटं ऑफिस. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, सहा कॉम्प्युटर, मधल्या खोलीत सर्व्हर, आणि हे सगळं सांभाळायला मी. मालकांना सगळे रावसाहेब म्हणतात. साठीचे असतील. पांढराशुभ्र शर्ट, आवाज कधी चढत नाही. त्यांनी काम दाखवलं तेव्हा मी सवयीने म्हणाले, "हो, बघून राहिली ना." त्यावर शांतपणे म्हणाले, "बघून राहू नका. बघा." पानं लावणारा उत्तरेश्वर खुसुखुसू हसला. तो बार्शीचा. टाइप करणारी हेमा लोणी काळभोरची. तिने मला डब्यातली भाकरी दिली आणि म्हणाली, "त्यांचं मनावर नका घेऊ, मानूस चांगला हाय."

दारावर पाटी आहे: 'दुपारी १ ते ४ बंद. बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडणार नाही.' एक वाजता रावसाहेबांनी खरोखर आतून कुलूप घातलं. मग जेवणं, मग सतरंज्या. सगळ्यांनी निजायचं, हा इथला नियमच. काम थांबलेलं असतं म्हणून त्याच वेळात सर्व्हरवरच्या सगळ्याची टेपवर नक्कल काढतात. आजवर रावसाहेब काढायचे, उद्यापासून मी. आज मात्र मीही हेमाशेजारी आडवी झाले. पडल्या पडल्या डोळा लागला तो चारला चहाच्या वासाने उघडला. नोकरीच्या पहिल्याच दिवशी झोप! आईला पत्रात लिहिलं तर तिचा विश्वास बसणार नाही.

आणि आजकाल ज्याला त्याला बंगलोर-अमेरिकेची घाई, पण इथून नऊ वर्षांत एकही माणूस सोडून गेलेला नाही म्हणे.

बुधवार, ७ एप्रिल

टेपवर नक्कल नीट उतरत नाही, त्याचं दुखणं सापडलं. दुखणं कसलं, निव्वळ हलगर्जीपणा. ड्राइव्हच्या हेडवर एवढा मळ की क्लीनिंग टेप चार वेळा फिरवली तेव्हा कुठे चालू झाला. केबलच्या टोकाला बुचासारखा टर्मिनेटर लागतो, तोच नाही. नक्कल मुळाशी ताडून पाहायची सोय बंद करून ठेवलेली, का, तर वेळ जातो. पडद्यावर 'पूर्ण' असं आलं की झालं. अशाने एक दिवस सगळं बुडालं असतं आणि मग बोटं मोडली असती कुणाच्या नावाने, तर माझ्या.

परवाची सोमवारची टेप मी ताडून पाहिली. तीन ठिकाणचा भाग वाचताच येत नाही. आत भोकं आणि वर लेबल. फेकून द्या म्हटलं. रावसाहेबांनी ती रुमालाने पुसली, डबीत घातली आणि कपाटात जपून ठेवली. मग सोमवारसाठी नवीकोरी टेप काढून दिली. चहाची पावडर दोनदा उकळणारा हा माणूस!

प्रत्येक वाराची एक टेप आहे, फक्त गुरुवारची नाही, कारण गुरुवारी वीज नसते. बॅटरी घ्या, मग गुरुवारही सुटणार नाही, असं सांगितलं. "विचार करू," म्हणाले. मावशी म्हणते, याचा पुण्यातला अर्थ 'नाही'. शेवटी विचारलं, या टेपांवरून आजवर काही परत आणून पाहिलंय का? म्हणाले, आणतो की. पण हल्ली जरा अर्धवट येतं, म्हणून तर आपल्याला बोलावलं.

सोमवार, १२ एप्रिल

आज एकही एरर नाही. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

एक मात्र कळत नाही. सहा कॉम्प्युटरांचा मिळून माल फार तर अर्ध्या तासाचा. तरी टेप चार वाजेपर्यंत फिरते. सगळं ऑफिस घोरत असतं, मी ड्राइव्हची खरखर ऐकत बसते आणि रावसाहेब समोरच्या खुर्चीत टक्क जागे. एक ते चार जागा राहणारा पुणेकर मी पहिल्यांदाच पाहिला. मला रोज म्हणतात, आपणही जरा पडा. दुपारी झोपलं की माझं डोकं दुखतं. पहिल्या दिवसाचंच अजून गेलेलं नाही.

शुक्रवार, १६ एप्रिल

उत्तरेश्वरने पेढे आणले. बंगलोरच्या कंपनीचं पत्र आलंय, पगार इथल्या तिप्पट, तीन मेला हजर व्हायचं. पत्र खिशातून काढून काढून दाखवत होता. रावसाहेबांनी पेढा खाल्ला आणि अभिनंदनही केलं.

सगळे झोपल्यावर म्हणाले, विज्ञानाचं एक प्रकरण बिघडलंय, बुधवारची टेप लावा आणि सगळं परत आणा. मी म्हटलं, एका प्रकरणासाठी सगळं कशाला, दोन दिवसांचं काम पुसलं जाईल. म्हणाले, सांगितलं तेवढं करा. केलं.

चारला उत्तरेश्वर उठला, डबा उघडला आणि विचारलं, पेढे कुणी आणले?

मला वाटलं, थट्टा करतोय.

सोमवार, १९ एप्रिल

थट्टा नाही. त्याला पत्र आठवत नाही, बंगलोर आठवत नाही, पेढे आठवत नाहीत. खिसा रिकामा. हेमालाही काही आठवत नाही. मी ओरडून ओरडून सांगितलं तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. उत्तरेश्वर म्हणाला, तुमच्याकडे ऊन फार, चढलं असंल डोक्यात. माझ्या डोक्यात ऊन! त्याची जन्माची संधी कुणीतरी खिशातून काढून घेतली आणि हा मला ताक पाजतोय.

शनिवार, २४ एप्रिल

लिहिताना पेन दोनदा कागदातून आरपार गेलं. भीतीने नाही, रागाने.

बुधवारी आई आजारी म्हणून हेमा आली नव्हती. टेप तासभर आधी संपली. मी वेड्यासारखी केबल तपासत बसले. आज उत्तरेश्वरला छापखान्यात पाठवलं होतं, हेमा होती. पुन्हा तासभर आधी. माल तेवढाच. म्हणजे अर्धा तास कॉम्प्युटरांचा, आणि उरलेला वेळ या माणसांचा. टेप फिरत असताना जो इथे झोपतो तो टेपवर जातो. टेप उलटी लावली की तो त्या दिवसाचा होऊन उठतो.

सरळ तोंडावर विचारलं. रावसाहेबांनी नाकारलंसुद्धा नाही. म्हणाले, पगार वाढवून माणसं टिकत नाहीत हा माझा अनुभव आहे. अशी टिकतात. उत्तरेश्वरने आजवर पाच वेळा राजीनामा दिलाय, बिचाऱ्याला एकही आठवत नाही, किती सुखी आहे पहा.

मी तिथल्या तिथे राजीनामा लिहिला. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त करून त्यांनी परत दिला आणि म्हणाले, सावकाश पुन्हा लिहा, आधी जरा पडा.

मेल्या, तुझ्या डोळ्यांदेखत मी कधी पडणार नाही. पण त्या दोघांना इथे टाकून जाऊ कशी?

मंगळवार, २७ एप्रिल

साडेबाराला लोणीहून फोन आला. हेमाची आई, सरुबाई, गेली. काल सकाळी पेज प्यायली होती, बरी वाटत होती, म्हणून हेमा काल आणि आज कामावर आली होती. तिने जो हंबरडा फोडला तो मला जन्मभर ऐकू येईल. रात्रभर उशाशी जागलेली पोर. रावसाहेबांनी पाणी दिलं, रिक्षा मागवतो म्हणाले, तोवर टेक म्हणाले. ती रडत रडत टेकली आणि तशीच झोपली.

रिक्षा मागवलीच नाही. सर्व्हरच्या खोलीत शिरून आतून कडी घातली. गाइडं मे अखेर बाजारात यायला हवीत आणि हेमासारखं टाइप कुणी करत नाही. तिला तेरा दिवस सोडायचं नव्हतं त्यांना! मी दारावर धडका दिल्या. हेमाला हलवलं, गालावर मारलं, पाणी ओतलं. ती उठली नाही. उत्तरेश्वर उठला नाही. आत सोमवारची टेप फिरत होती. मीच दुरुस्त केलेला ड्राइव्ह. एकदाही अडला नाही.

चारला हेमा उठली. वेणी घातली. ओला पदर पाहून हसली. मला म्हणाली, "आज आयला बरं हाय. पेज पेली सकाळी."

मी तिचा हात धरला आणि जिना उतरले. बसमध्ये सांगितलं. ती मला मारायला उठली. लोणीला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि सगळं आटोपलं होतं. तिचा भाऊ म्हणाला, उन्हं कलेपर्यंत थांबलो, एवढा कसला पगार लागून गेलाय तुला?

तिचा तो हंबरडा मी दुसऱ्यांदा ऐकला. तिने पहिल्यांदा.

बुधवार, २८ एप्रिल

लोणीलाच आहे. ही दुसरी रात्र, डोळ्याला डोळा नाही. हेमा दर थोड्या वेळाने विचारते, मला पहिल्यांदा सांगितलं तवा मी काय म्हनले? रडले का?

उद्या गुरुवार. वीज नाही, टेप नाही. उद्या जाऊन त्या सगळ्या टेपा उसवून टाकणार. एकही ठेवणार नाही.

गुरुवार, २९ एप्रिल

पंखे बंद. जिवाची काहिली. उत्तरेश्वर आज लवकरच जेवून आडवा झालाय. मी डायरी पिशवीत घालूनच आले होते. रावसाहेबांनी कपाटाची किल्ली स्वतःच्या हाताने दिली. घ्या, म्हणाले.

वारांच्या टेपा उसवल्या. फरशीवर तपकिरी गुंताच गुंता. खालच्या कप्प्यात आणखी तीन डब्या. उत्तरेश्वर, पहिला दिवस. हेमा, पहिला दिवस. त्याही उसवल्या, पायाखाली तुडवल्या.

तिसऱ्या डबीवर माझं नाव. शेफाली, ५ एप्रिल.

मी झोपले होते. त्या दिवशी मी झोपले होते.

डबी रिकामी आहे.

एक वाजला. कुलूप पडलं. ते सर्व्हरच्या खोलीत, आतून कडी. आणि खरखर. वीज नाही तरी खरखर— बॅटरी. घेतली त्यांनी बॅटरी. मी सांगितलेली.

ती टेप फाटकी आहे. तीन भोकं. मीच ताडून पाहिली होती. त्यावरून परत आणलं तर मी— अर्धवट. त्यांना माहीत आहे. दारातून ओरडून सांगितलं तरी म्हणतात, चालेल, कामापुरतं पुरे.

कामापुरतं!

झोपायचं नाही. बस्स. चारपर्यंत. लिहीत राहायचं. उत्तरेश्वर उठत नाही. खिडकीला गज. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळं पुणं झोपलंय, मी ओरडले तर वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, दुपारची वेळ आहे, कळत नाही का?

आईचं नाव इंदू. गाव यवतमाळ. मावशी कुसुम. पुन्हा. आई इंदू. यवतमाळ. कुसुम.

भिंतीला टेकायचं नाही. उभं राहून लिहिते. पाय—

बसले. फक्त बसले.

शेफाली, हे वाचशील तर— चारला दार उघडेल— खाली पळ. थांबू नकोस. त्याचा राग धर. राग सोडू—

डोळे मिटले नाहीत. नुसते टेक

सोमवार, ५ एप्रिल १९९९

पुणे! रात्रभर एस.टी.त बसून अंग आंबलंय, पण मन प्रसन्न आहे. कुठून बसले ते— येईल, आठवेल. सामान खडकीला ठेवलंय. कुणाकडे ते आत्ता सुचत नाही. आईने शंकरपाळ्यांचा डबा दिला होता. आई म्हटलं की चेहरा यायला हवा ना? नुसतं पांढरं येतं. प्रवासाचा शीण असेल.

ऑफिस छान आहे. दुपारी सगळ्यांबरोबर मीही झोपले, उठले तेव्हा चहाचा वास. फरशीवर कसला तरी तपकिरी गुंता पडलाय, उत्तरेश्वर नावाचा मुलगा तो झाडून काढतोय. हेमा नावाची मुलगी रजेवर आहे म्हणे. नऊ वर्षांत इथून कुणी सोडून गेलेलं नाही!

गंमत म्हणजे ही डायरी आधीच भरलेली आहे. अक्षर माझ्यासारखं. कुणी फार चिडलेली बाई दिसते. चहा घेता घेता वाचतेय.

इंदू कोण?

वाचताना कान तापलेत. पेन कागदात रुततंय. राग कशाचा ते कळत नाही, पण आलाय, पोटातून आलाय, आणि तो माझाच आहे. रावसाहेब म्हणताहेत, चेहरा उतरलाय आपला, अजून जरा पडा. मी म्हटलं, मी जाऊन राहिली. ते उठून दाराशी गेलेत. कुलूप अजून लागलेलं नाही, किल्ली त्यांच्या हातात आहे आणि मी ती—