नाटक नव्हे, पोटॅशियम

शंकर नगर, रायपूर
३ नोव्हेंबर २००३

चि. गंगाधर यास इंदूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर माझा आवाज ऐकताच तू ठेवून दिलास, म्हणून लिहून राहिले. फाडायच्या आधी एकदा वाच.

माझा वरद आता एकोणीस वर्षांचा आहे. पोलिस भरतीच्या दौडीसाठी रोज पळतो. भाऊबीजेला खूप पळून आला, मग गुलाबजाम, करंज्या अन् भात पोटभर खाऊन झोपला. सकाळी उठेचना. पाय हलत नव्हते, हात जेमतेम. बोलत होता, सगळं कळत होतं. हे ओरडायला लागले, की भरती जवळ आली तशी पोराची नौटंकी सुरू झाली. आमच्या मोहल्ल्यातल्या नर्सिंग होममध्ये कमजोरी म्हणून ग्लुकोजची बाटली लावली, तर मानही उचलेना. मग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉ. कौमुदी होत्या. त्यांनी पहिले ती बाटली बंद केली अन् रक्त तपासलं. पोटॅशियम फार कमी निघालं. ते दिलं, तसा संध्याकाळपर्यंत उठून बसला.

त्यांनी विचारलं, तुमच्या माहेरी असं कोणाला होतं का? मी म्हटलं, भावाला विचारून सांगते. गंगा, तुलाही सकाळीच व्हायचं ना? केव्हापासून, काय खाल्ल्यावर, किती वेळ, सगळं लिही.

माया उरली असेल तर दोन ओळी पाठव. उरली नसेल तरी पाठव.

तुझी इंदूताई


अभनपूर
७ नोव्हेंबर २००३

सौ. इंदूताईस गंगाधरचा नमस्कार. साष्टांग घालावा एवढी माझी कंबर अजून वाकत नाही.

चोवीस वर्षांनी तुले आठवलं, की गंगालेही सकाळीच व्हायचं! काहून? तुह्या पोटच्या पोट्ट्याले झालं म्हणून?

मग पूर्ण ऐक. मी सकाळी कामावर काहून येत नाही, हे पाहायले कारखान्याचा चौकशीवाला घरी आला, तेव्हा तू त्याले सांगितलं, की गंगा सकाळी निजून राहतो अन् संध्याकाळी सायकल घेऊन गोल बाजारात फिरतो. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. त्या खऱ्यापायी माझी टाइमकीपरची नोकरी गेली. मग माझं ढोंग उघडं पाडायले बाबांनी तळपायाले तापलेला झारा लावला. तो चुलीवरून कोणं आणला, ते मी पडल्यापडल्या पाहिलं. चटका मले पुरा कळत होता, ताई. पाय तेवढा ओढून घेता येत नव्हता. मी ओरडलो, तर तू म्हटलं, कळतं म्हणजे पाय शाबूत आहे!

आता डॉक्टरणीले सांग. सतराव्या वर्षी सुरू झालं. गोड अन् भात जास्त झाला, किंवा खूप मेहनत करून एकदम बसलो, की दुसऱ्या सकाळी मी लाकूड. कधी तीन तास, कधी दिवसभर. येऊन राहिलं असं वाटलं, की हळूहळू चालत राहायचं. हे मले कोणं शिकवलं नाही, पडून पडून शिकलो. आता उजवी मांडी कायमचीच गेली. जिना चढवत नाही.

हे पोट्ट्यासाठी लिहिलं, तुह्यासाठी नाही. उत्तर नाही आलं तरी चालेल.

गंगाधर


शंकर नगर, रायपूर
१२ नोव्हेंबर २००३

चि. गंगाधर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

झारा मीच आणला. सबब सांगत नाही.

तुझं पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हे एकच दुखणं. स्नायूच्या पेशीभोवती पातळ पडदा असतो, त्यात प्रथिनांची दारं असतात. सोडियम, पोटॅशियम त्यांतूनच जा-ये करतात. आपल्याकडे त्यातलं एक दार जन्मापासून नीट मिटत नाही, झिरपत राहतं. गोड खाऊन झोपलं, की रक्तातलं पोटॅशियम पेशीत ओढलं जातं. मग मेंदूनं कितीही सांगितलं तरी स्नायू हलत नाही. चटका मात्र कळतो, कारण ती वाट वेगळी. बायकांमध्ये हे पुष्कळदा दिसतच नाही. म्हणजे ते माझ्यातही आहे, अन् वरदला माझ्याकडूनच गेलं. मी आयुष्यभर धडधाकट फिरले अन् तुला ढोंगी म्हटलं!

आता ऐक, मी काहून तडफडते आहे. भरतीच्या फॉर्मवर यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "कोणताही आजार नाही". म्हणतात, गोळ्या खाईल अन् पळेल, बोभाटा करू नका. लग्नाला तेवीस वर्षं झाली, काल पहिल्यांदा मी यांच्यावर किंचाळले. काही फरक नाही. वरदही बापाचंच खरं मानतो, लाजून राहिला. तू ये. माझं तोंड पाहू नको हवं तर. डॉक्टर तुझी मांडीही बघते म्हणतात.

राग ठेव, पण ये.

इंदूताई


अभनपूर
२३ नोव्हेंबर २००३

सौ. इंदूताईस नमस्कार. वि. वि.

बुधवारी तुह्या घरी मी आवाज चढवला, त्याची माफी मागत नाही. भाऊजी म्हणे, भरती वर्षानुवर्षं येत नाही. मी म्हटलं, पोट्टा मैदानात नाही, दुसऱ्या दिवशी बराकीत पडेल, तिथं त्याले लाथ घालून उठवतील. तरी ते फॉर्म सोडत नव्हते. मी चप्पल काढून तळपाय दाखवला, तेव्हा वरदनं फॉर्म त्यांच्या हातून घेतला अन् खोडून आजाराचं नाव लिहिलं. आता त्याले घेणार नाहीत. रडून राहिला असेल, तर रडू दे.

तू पाहिलं नाही ते सांगतो. शुक्रवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या आजाराचा कागद केला. मी म्हटलं, यावर "नाटक नाही" लिहा. त्या म्हणाल्या, असा शब्द कागदावर लिहीत नाहीत. मी खुर्चीवरून उठलोच नाही. शेवटी मागच्या बाजूले लिहून सही केली. कारखाना कधीचाच बंद पडला, चौकशीवाला कुठं गेला, माहीत नाही. पाठवू कोणाले? नक्कल तुले पाठवतो. भाऊजींले मोठ्यानं वाचून दाखव.

मांडीसाठी गोळ्या दिल्या. काही परत येईल, सगळी नाही, असं साफ सांगितलं. वरदले रविवारी इकडं पाठव. ताटात किती भात घ्यायचा, पळून आल्यावर कसं थांबायचं, ते मी शिकवीन. तूही आली तर ये. पण "झालं गेलं" हे दोन शब्द माह्या घरात काढू नको. राग गेलेला नाही. तो ठेवूनच तुले चहा देईन.

गंगाधर