इको मशीन, मालपेचं गोदाम आणि जानकी गवस

माझ्या रॅकमधल्या इको मशीनला लागलेला खरा खर्च असा: रोख अठरा हजार रुपये, एक दुभती म्हैस, आणि सुलोचनाने फ्रिजविना काढलेले तीन उन्हाळे. सव्वीस वर्षांनंतरही हा हिशेब मला तोंडपाठ आहे, यावरून माझं डोकं ठिकाणावर असल्याचं समजावं. मी सगुण बाबली शेटगावकर, वय सदुसष्ट, धंदा साऊंड सर्व्हिस, राहणार मोरजी, तालुका पेडणे, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा भीतीने नव्हे, तर जेवण आणि दुपारची झोप व्यवस्थित झाल्यावर, हे मृत्युपत्र माझ्या शब्दांत लिहून ठेवत आहे. याआधी असं काही लिहिलेलं नाही. कोणी जुना कागद दाखवलाच तर तो खोटा.

कलम १. माझ्या हातात किती आहे, हे आधी नमूद करतो. नोटरी बाईंनी कागदावर उंडा, म्हणजे आमचा गोल पाव, काढून समजावलं. अर्धा सुलोचनाचा, तो लग्नाच्या दिवसापासूनच तिचा. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा मुलगा प्रज्योत याचा. मी त्याच्यावर कितीही रागावलो तरी कायद्याने त्याचाच. राहिला चतकोर. तेवढ्याचं मी मनाला येईल ते करू शकतो. सुलोचना शेजारीच बसली होती. तिने त्या चित्राचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

कलम २. घर, परस आणि बँकेतली ठेव यांतला माझा भाग सुलोचनाने हयात असेपर्यंत वापरावा, नंतर तो प्रज्योतचा. स्पीकर, अँप्लिफायर, टेम्पो आणि 'सगुण साऊंड' हे नाव प्रज्योतला. त्याच्या हाताखाली वायरी कधी गुंतत नाहीत, हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही. इथे बोलतो.

कलम ३. तेरेखोलचा देवेश साऊंडवाला गेली वीस वर्षं गावोगाव सांगत आला की सगुणचा इको म्हणजे बांयत, विहिरीत, तोंड घालून बोलणं. त्याला माझे दोन जुने भोंगे द्यावेत. एकेका कानाला एकेक लावून बसावं. माझी त्याच्यावर याहून जास्त तक्रार नाही.

कलम ४. इको मशीन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रॅकमध्ये स्क्रूने बसवलेली, ताटाएवढ्या रुंदीची काळी पेटी. गाणाऱ्याचा आवाज तिच्यातून गेला की त्याच्यामागे देवळाच्या सभामंडपाएवढी जागा उभी राहते. जत्रेच्या नाटकात पडद्याआड नांदी सुरू होते तेव्हा माडांखाली बसलेल्या माणसाला आपण गाभाऱ्यासमोर आहोत असं वाटतं, ते या पेटीमुळे. कळंगुटच्या एका बँडने गाशा गुंडाळला तेव्हा मी ती घेतली.

तिच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली. बटणं फिरवताना खरखर यायला लागली, तेव्हा ती मी काजूच्या फेणीने पुसली. आमच्याकडे सर्दीला फेणी, गुडघ्याला फेणी, मग बटणांना का नको, असा माझा हिशेब. खरखर गेली, पण बटणांभोवतीचे सगळे आकडेही पुसून गेले. तेव्हापासून मी ही पेटी फक्त कानाने लावतो.

दोन वर्षांपूर्वी प्रज्योतने नवा डिजिटल मिक्सर आणला. त्याच्या पोटातच इको आहे, वेगळ्या पेटीची गरज नाही, दोन्ही सारखेच वाजतात, असं त्याचं म्हणणं. मी परीक्षा घ्यायला सांगितलं. आमच्या नाटकांत नांदी गाणाऱ्या शाळेच्या बाई मनीषा नाईक यांनी एकच ओळ दहा वेळा म्हटली. प्रज्योतने कधी जुनी पेटी लावली, कधी नवा मिक्सर. मी पाठमोरा बसलो होतो. दहापैकी दहा वेळा बरोबर ओळखलं. पेडणे तालुक्यात असा कान दुसरा नाही, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आता कायद्याच्या कागदावर लिहितो. प्रज्योतने पुढे वर्षभर मिक्सरचा विषय काढला नाही.

कलम ५. गेल्या वर्षी जत्रेला बारा दिवस असताना पेटी बंद पडली. म्हापशातल्या दोघा मेकॅनिकनी पाहिली. एकाने न उघडताच भंगारात द्यायला सांगितली, दुसऱ्याने उघडून तेच सांगितलं. शेवटी कोणीतरी डिचोलीच्या बाजारातल्या जानकी गवसचं नाव घेतलं.

जानकी मूळ दोडामार्गकडची. तिचा बाप रामचंद्र पाळीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा या मुलीने त्या ट्रकचा टेप खोलून पुन्हा जोडला, आणि मग थांबलीच नाही. आता पस्तिशीची आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं आपटतं.

तिने झाकण काढलं, वास घेतला आणि मला विचारलं, "काका, हेका दारू कोणी पाजल्यान?"

पंचेचाळीस वर्षांच्या धंद्यात मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. मी खरं ते सांगितलं. ती हसली नाही, वहीत लिहून घेतलं.

नऊ दिवस तिने पेटी ठेवली. वीज पुरवणाऱ्या भागातले कपॅसिटर सुकले होते, ते बदलले. जळालेल्या पट्ट्यांच्या जागी बारीक तारा जोडल्या, इतक्या नीट की आमच्या घरच्या शेवयाही तशा सरळ पडत नाहीत. पेटीच्या छोट्या स्क्रीनवरचे आकडे मात्र दिसणार नाहीत, ते आपल्याला जमण्यासारखं नाही, असं सरळ सांगितलं. 'जमत नाही' हे शब्द मी या धंद्यात फार थोड्यांच्या तोंडून ऐकले आहेत. काढलेले सगळे जुने भाग पिशवीत घालून, वर यादी लावून मला परत दिले.

आणि एक गोष्ट तिने आधी विचारली. पेटीत बारीक घरघर होती, पुष्कळ वर्षांची, गाणं थांबल्यावर अगदी तळाशी ऐकू येणारी. ती म्हणाली, "काका, ही घरघर काढलंय तर मगे तुमका तुमची मशीन वळखाक येवची नाय. काढू?"

माणूस आजारातून उठला म्हणून घरचे त्याला ओळखत नाहीत असं कधी झालंय, असं मी म्हटलं आणि काढायला सांगितलं. गिऱ्हाईक खूश आहे ना, मग राहू दे, असं म्हणून तिला सहज सोडून देता आलं असतं. तिने काढली. जत्रेत मनीषाबाईंच्या नांदीचा शेवटचा सूर माडांच्या शेंड्यांपर्यंत गेला आणि तिथे जराही घरघर नव्हती, नुसती शांतता. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

कलम ६. जानकीची जिन्याखालची जागा मालकाला या वर्षअखेर परत हवी आहे. दुसरी परवडणारी जागा बाजारात नाही; नाही मिळाली तर दुरुस्ती सोडून मोबाईलच्या दुकानात नोकरी धरीन, असं ती मला म्हणाली. म्हणून मालपेच्या रस्त्याला लागून असलेलं माझं गोदाम, जे नोटरी बाईंच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या चतकोरात बसतं, ते माझ्या पश्चात जानकी रामचंद्र गवस हिला द्यावं. माझ्या हयातीत तिने आजपासून तिथे बसावं, भाडं नाही. पेटीही तिचीच. दुरुस्त करावी की बदलावी, हे तिने ठरवावं. तिने मेली म्हटलं की मेली.

प्रज्योतचा याला विरोध आहे. ते गोदाम त्याला मोरजीच्या पर्यटकांना भाड्याने द्यायच्या स्कूटर ठेवायला हवं होतं. त्याचं बोलणं होतं तसं लिहितो: "बाबा, तुज्या कानाच्या भरवशार तूं गोदाम दिता. मागीर कान एकदां परत तपासूया."

त्याची अट अशी की सहीपूर्वी तीच परीक्षा पुन्हा घ्यावी आणि निकाल या कागदावर यावा. मला मान्य आहे. निकाल काहीही लागला तरी कलम ६ बदलणार नाही. गोदाम माझ्या कानाला नाही, तिच्या हाताला देत आहे. अर्थात निकाल काय लागणार, ते मला आत्ताच ठाऊक आहे.

कलम ७. माझ्या बाराव्याला भजन ठेवलं तर माइक दोनच लावावेत आणि टाळांना एकही नको.

मनीषाबाईंना मी काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला काही दिलं तर साक्ष बाद होते म्हणतात. त्यांना विचारलं, त्यांची हरकत नाही.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, बरोबर आहे.

सही: सगुण बाबली शेटगावकर
संमती: सुलोचना सगुण शेटगावकर
साक्षीदार: १. मनीषा नाईक, शिक्षिका, मांद्रे. २. गौरेश पोळजी, पेटीवादक, कोरगाव.
स्थळ: पेडणे. दिनांक: १४ मे २०२५.

खाडाखोडीची नोंद: कलम ४ मधले 'दहापैकी दहा' हे शब्द मी खोडायला निघालो होतो. साक्षीदार क्रमांक एक यांच्या सांगण्यावरून ते तसेच ठेवले आहेत. कलम ६ मध्ये ठरल्याप्रमाणे आज सकाळी अकरा वाजता गोदामात परीक्षा घेतली. गाणाऱ्या त्याच, ओळ तीच, ऐकणारा मीच. बरोबर ओळखले: दहापैकी चार.