आकडा बदलण्याआधी

प्रिय ढगोबा,

हे नाव तुला मीच दिलं. पावसाच्या खात्यातून तू आमच्या सूर्याच्या खोलीत आलास आणि पहिल्याच सकाळी, पडद्यावर सूर्य झळकत असताना, सवयीनं खिडकीतून आभाळ बघून आलास. आम्ही पोट धरून हसलो. मग साधा चहा मागवतानाही मी भाषण ठोकते म्हणून तू मला मास्तरीण म्हणायला लागलास.

त्या भाषणांतली एक गोष्ट तू मनापासून घेतली होतीस. रोज सकाळी आपण वेगवेगळे बसून सूर्यावरचे डाग बघायचो, पृथ्वीवर सौर वादळ येईल का, याचा अंदाज एकमेकांचं न बघता लिहायचो, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून भांडायचो. ठरलेल्या अंदाजाखाली ज्याची पाळी, त्याचं नाव. आणि दुसऱ्याचा आकडा बदलायचा झाला, तर आधी त्याला फोन. मग तो आजारी असो की लग्नाच्या मांडवात. माझ्या बाळंतपणात तू दवाखान्यात फोन केलास, तेव्हा सासूबाई तुझ्यावर उखडल्या होत्या आणि मी कळा सोसत तुला सांगत होते, थांब, तो डाग अजून आपल्याकडे वळायचाय.

त्या दिवशी पाळी माझी होती. डाग सूर्याच्या ऐन मध्यावर. स्फोट झाला आणि तापलेल्या वायूचा लोट थेट पृथ्वीकडे निघाला. मी वरचा आकडा टाकून पुढे ‘तीव्र वादळ’ लिहिलं. तू कुरकुरलास, की मागे दोनदा आपण ओरडलो आणि काहीच झालं नाही, उगाच मार्ग बदलावे लागले म्हणून विमानवाले अजून शिव्या देतात. खरं होतं ते. लोट अगदी दाराशी येईपर्यंत त्याचा चुंबकी रोख कळत नाही, त्यामुळे आपण चुकू शकतो. चुकण्याची मला कधी लाज वाटली नाही. गप्प बसण्याची वाटते. शेवटी तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी निश्चिंत घरी गेले.

माझ्या कागदाचं पुढे काय झालं, ते मला चौकशीच्या खोलीत कळलं. ‘तीव्र’ जाऊन तिथे ‘किरकोळ’ आलं होतं, आणि खाली नाव माझंच होतं. वादळ आलं, विजेच्या तारांत नको तो प्रवाह घुसला, मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला, अर्धं शहर अंधारात गेलं. साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. वाटलं, आता बोलशील. तू टेबलाकडे बघत म्हणालास, “अंदाज त्यांचाच आहे.”

त्यांचा! इतक्या वर्षांच्या अरेतुरेनंतर. माझ्यासारख्या वाचाळ बाईला शब्द फुटला नाही. तो कागद मी मान खाली घालून परत दिला.

बाहेर बाकावर वीजकेंद्रातल्या बाई बसल्या होत्या. आठवतात ना? रोज सकाळी फोन करून विचारायच्या, आज सूर्यमहाराजांचा पारा कसा आहे. त्यांना निलंबित केलंय. मला वाटलं, तोंडावर थुंकतील. त्या एवढंच म्हणाल्या, “खाली तुमचं नाव बघितलं, म्हणून मी तारांवरचा भार कमी केला नाही.”

काल तुझी बायको येऊन रडून गेली. म्हणाली, त्यांच्यावर वरून दबाव होता, तिसऱ्यांदा ओरड फुकट गेली असती तर खुर्ची गेली असती, ताई, तुमची तर निवृत्ती आलीच आहे, तुम्हाला काय फरक पडतो. तिला मी पाणी दिलं. फरक त्या बाकावरच्या बाईला पडतो. आणि ढगोबा, तू खुर्ची वाचवलीस याचं मला एवढं लागलं नाही. त्या संध्याकाळी फोन माझ्या उशाशी होता, आणि तो वाजला नाही, हे लागलं.

आता तू माझे फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. उद्या मी पुन्हा चौकशीला जाणार आहे आणि माझा शब्द कोणी खोडला, ते तुझं नाव घेऊन सांगणार आहे. माझ्याआधी तू आत जाऊन स्वतःच सांगणार असलास, तर मी दारात थांबेन. मागच्या वेळी गप्प राहून दिलेलं उत्तर मी बदलते आहे, आणि बदलण्याआधी सोबत्याला कळवायचं, हा नियम आपल्यापैकी एकानं तरी पाळायला हवा.

उद्या सकाळपर्यंत तरी तुझीच,
मास्तरीण