जांभळाच्या वाइनचं जेवण

नवापूर, बुधवार

प्रिय आबा,

जेवण झालं, आणि झकास झालं. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. फोनवर तू "बरं, बरं" म्हणून आईकडे देतोस, तेव्हा पत्रच बरं.

शनिवारी माझ्या खाणावळीत मोजकीच माणसं होती. एक लांब टेबल, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन. वाइन शहाद्याच्या दिग्विजयची. त्याचा बाप केळी लावतो आणि हा जांभळाची, द्राक्षाची वाइन करतो, त्यामुळे घरात त्याचंही फारसं कौतुक नाही. आमचं दोघांचं म्हणूनच पटतं. सुरतेहून दोन जोडपी आली होती. गुजरातेत दारूबंदी ना, नवापूरची हद्द लागली की त्या लोकांना एकदम तहान लागते!

पदार्थ सगळे आईचे, ऐट तेवढी माझी. खेकड्याचं कालवण, आंबाडी, तुरीचं वरण, नागलीची भाकरी, चुलीवरची गावठी कोंबडी. मी थेंबही घेत नाही, हे तुला माहीत आहे. नुसत्या वासावरून जोड्या लावते. दिग्विजय चिडवतो, की स्वतः बिनलग्नाची राहून दुसऱ्यांची लग्नं जुळवतेस. पण जांभळाचा तुरटपणा आणि धुरकट कोंबडी यांचं मी असं जुळवलं, की सुरतेच्या बाईंनी हाड चाटूनपुसून ठेवलं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच बिघडली. दिग्विजयला जांभळं देणारे दलसिंगभाऊ आणि फुलवंताबाई धडगावकडच्या डोंगरातून आले होते. त्यांना टेबलावरच बसवायचं, हा आमचा दोघांचा हट्ट. बाकीचे पेले फिरवून वास घेत होते, आणि भाऊंनी ओठाला लावायच्या आधी थोडी वाइन जमिनीवर ओतली. मला वाटलं, सांडली. नवी फरशी! मी फडकं घेऊन वाकले आणि पुसूनही टाकली. फुलवंताबाईंनी माझा हात धरला. भाऊ अगदी हळू म्हणाले, "पोरी, पुसू नको. ते मन्हं नही, मन्हा वाडवडीलस्नं शे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं, आबा. आपल्या घरात वाडवडिलांना असं ओतणं कधीच सुटलं, मला कुठून कळणार? मी त्यांचा पेला भरून दिला आणि पुन्हा ओतायला सांगितलं. सगळे थांबले. मग, एरवी मी स्वयंपाकघरात पुटपुटते ती जेवणाआधीची प्रार्थना, तू शिकवलेली, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटली. आवाज जरासुद्धा कापला नाही. भाऊंनी तो एक पेला घेतला आणि दुसऱ्या वेळी भरायला गेले, तर बस म्हणून पेल्यावर तळहात ठेवला.

रविवारी आईला हे सांगितलं. ती आधी हसली, मग रडायला लागली. म्हणाली, बाप्तिस्म्याआधी तुझा आबाही असाच ओतायचा. पहिले थेंब वाडवडिलांना, आणि त्यानंतर त्याला थांबता यायचं नाही. पुढचं तिने सांगितलं नाही. मी लहान होते, तरी मला थोडं आठवतं. विसरवाडीहून येताना तू दारूच्या भट्टीची वाट सोडून शेतातून वळसा घालतोस, हे मी आजवर लोकांना मोठ्या अभिमानाने सांगत आले. माझा आबा तिकडे बघतसुद्धा नाही! आई म्हणाली, अजून तो वास आला की त्याचे हात थरथरतात. आणि मी वर्षभर समजत होते, की चर्चच्या मंडळीतले लोक काय म्हणतील म्हणून तुला माझी लाज वाटते, म्हणूनच तू खाणावळीत पाऊल टाकत नाहीस.

आबा, ही जेवणं मी बंद करणार नाही. ते माझं काम आहे आणि मी त्यात पटाईत आहे. पण या रविवारी उपासनेनंतर खाणावळ फक्त तुझी आणि आईची. बाटल्या सगळ्या शहाद्याला गेल्या, फरशी दोनदा धुतली, पेलेसुद्धा नवे आणलेत. दिग्विजय येईल तो ताज्या जांभळांचा रस घेऊन, आणि ताक मी घुसळणार आहे. पदार्थ तेच, शनिवारचे, एकही कमी नाही. हात थरथरले तर थरथरू देत, मी शेजारीच बसेन. लेकीच्या घरी जेवायला यायला बापाला हिंमत गोळा करावी लागू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझीच,
रूथ