निम्मा रेडिओ आणि निम्मी भिंत

लिहून ठेवणार : रखमाजी कोंडिबा दामगुडे, वय सदुसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे किकवी, तालुका भोर, जिल्हा पुणे.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसे की, माझी अक्कल आज शाबूत आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवला नाही, गोड बोलून भुलवले नाही आणि चहाशिवाय काही पाजलेले नाही. छातीचे दुखणे बळावले आहे. भोरच्या डॉक्टरांनी पथ्य सांगायचेही सोडून दिले, त्यावरून काय ते मी समजलो. बायको सगुणाबाई तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही. तेव्हा माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करायचे ते मीच सांगून ठेवलेले बरे.

१. ओढ्याकाठचे शेत, नांगर, कुळव, पहार व टिकाव हे पुतण्या मानसिंग चिमाजी दामगुडे, हल्ली पिंपरीला कारखान्यात, यास मिळावे. तो शिमग्याला येतो, अंगणाच्या कडेला उभा राहून "काका, बरं हाय न्हवं?" एवढे विचारतो आणि बापाने पाहायच्या आत निघून जातो. त्याचा मला राग नाही. शेत विकायचे झाल्यास त्याने आधी ते एकदा स्वतः नांगरावे, मग विकावे.

२. तांब्याचा हंडा, घागर आणि पोस्टातली शिल्लक शेजारीण फुलाबाईस द्यावी. सणाला तिच्या घरून पोळी येते. ती पोळी आली की आज सण आहे हे मला कळते.

३. भावकीतल्या बाजीरावास काहीही देऊ नये. लढाईच्या वेळी बातम्या ऐकायला म्हणून त्याने माझा रेडिओ चावडीवर नेला, केंद्र दाखवणाऱ्या काट्याची दोरी तोडून परत आणला, आणि वर "आधीच तुटकी व्हती" म्हणाला. त्याने माझ्या मातीला यावे, पण खांदा देऊ नये. त्याच्या हातून वस्तू धड पोचत नाही.

४. आता रेडिओ. ह्या कागदाचे मुख्य कारण तेच आहे.

माझे थोरले बंधू चिमाजी कोंडिबा दामगुडे, ज्यांना मी दादा म्हणतो, ते भिंतीपलीकडे राहतात. वडील गेल्यावर आमची वाटणी झाली. पंचांनी सगळे बरोबर निम्मे केले, आणि आम्हा दोघांनाही तसेच हवे होते. घरात मधोमध भिंत घातली. बैलांची जोडी फोडली, पांढरा दादांकडे, तांबडा माझ्याकडे. एका बैलाने नांगर चालत नाही हे शेंबड्या पोरालाही कळते, पण आम्हाला हिस्सा कळत होता. पेरणीला मी दादांचा बैल मागितला नाही, त्यांनी माझा मागितला नाही. दोघांनीही परक्यांचे बैल आणून शेत केले. तेव्हापासून बोलणे बंद. तांबडा मात्र दावे ताणून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, आणि पलीकडून पांढरा हंबरायचा. जनावरांना वाटणी समजत नाही.

भिंत तुळईपर्यंतच चढली. वरची आढ्यापर्यंतची जागा कोणी भरायची हे वाटणीपत्रात लिहायचे राहून गेले. मी म्हणालो दादांनी भरावी, दादा म्हणाले मी भरावी. ती अजून मोकळी आहे.

गावात वीज आली तेव्हा मी पुण्याच्या जुन्या बाजारातून हा रेडिओ आणला. घरात माणसाचा आवाज नव्हता, म्हणून आणला. दुसरे काही कारण नाही. त्याला एरियलची तांब्याची जाळीपट्टी लांब बांधावी लागते. माझ्या बाजूला ती पुरी ताणता येईना, नुसती खरखर यायची. शेवटी वैतागून पट्टीचे टोक मी भिंतीवरून पलीकडे टाकले. वाटले, दादा कापून परत फेकतील. दुसऱ्या दिवशी पुणे केंद्र स्वच्छ लागले. मी शिडी लावून पाहिले, तर पलीकडच्या वाशाला खिळा मारून टोक नीट ताणून बांधलेले होते.

तेव्हापासून संध्याकाळच्या बातम्या आम्ही दोघे ऐकतो. आवाज कमी पडला की दादा भिंतीवर काठी वाजवतात, मी वाढवतो. एवढेच आमचे दळणवळण.

वहिनी बाळाबाई वारल्या तेव्हा सुतकात मी रेडिओ लावला नाही. सुतक फिटल्यावरही लावायचा धीर होईना. एका संध्याकाळी भिंतीवरून दादांचा आवाज आला, "आज बी लावनार न्हाईस व्हय?" इतक्या वर्षांनी तो आवाज माझ्याशी बोलत होता. मी उठून रेडिओ लावला. ते ऐकत राहिले आणि मी अंधार होईतो दिवा न लावता बसून राहिलो.

मी गेल्यावर त्या घरातही माणसाचा आवाज राहणार नाही. मला मरणाची भीती नाही, ह्याची आहे.

दादा माझ्याकडून दान घेणार नाहीत, हे मी ओळखून आहे. म्हणून लिहितो की हे दान नव्हे. एरियलचे टोक त्यांच्या वाशाला आहे, तेव्हा निम्मा रेडिओ पहिल्यापासून त्यांचाच होता. राहिलेला निम्मा आता त्यांच्याकडे जातो, इतकेच. रेडिओ ठेवायच्या सरकारी लायसनचे पुस्तक कोनाड्यात आहे. पोस्टातल्या ज्ञानूने ते त्यांच्या नावावर करून द्यावे. तपासायला कोणी आला तर दादा त्याच्याशी भांडतील.

दादांनी रेडिओला कधी हात लावलेला नाही, म्हणून कृती लिहितो. बटणे चार आहेत. डावीकडून सुरुवात करावी. पहिले उजवीकडे फिरवले की टक् होते आणि आत दिवा लागतो. पण दिवा लागला म्हणजे तो लगेच बोलत नाही. आतले दिवे तापायला वेळ लागतो. तोवर दादांनी थापडा मारू नयेत, थांबावे. आवाजही ह्याच बटणाने वाढतो. मी ठेवतो तिथे नखाची खूण आहे. तेवढा आवाज भिंतीपलीकडे चुलीशी बसलेल्या माणसाला पुरतो. एकट्याला इतका लागत नाही.

दुसऱ्या बटणाने आवाज जाड-बारीक होतो. दादांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, त्यांनी बारीककडे ठेवावे. तिसऱ्याला हात लावू नये, परमुलखातली माणसे बोलू लागतात आणि पुन्हा पुणे सापडत नाही. चौथ्याने केंद्र लागते. काट्यावर विश्वास ठेवू नये, तो बाजीरावामुळे खोटा झाला आहे. वरचा हिरवा डोळा पाहावा. तो मिटत आला की केंद्र बरोबर लागले.

५. विजेचा खांब माझ्या वाटच्या अंगणात आला म्हणून दादांनी वीज घेतली नाही. सबब रेडिओ त्यांच्या बाजूला चालणार नाही. त्याकरिता माझ्या हिश्शाचे घरही दादांना मिळावे. अंगणाला वळसा घालून रोज इकडे येणे त्यांच्या गुडघ्याला झेपणार नाही. मधली भिंत दीड वीत जाड आहे. त्यातली माझी निम्मी जाडी पाडण्यास मी परवानगी देतो. उरलेल्या निम्म्याचे दादांनी बघावे.

जास्तीचा मजकूर : सह्या होण्याआधी ज्ञानूने हा कागद साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. भिंतीच्या वर जागा मोकळी आहे, पलीकडे सगळे ऐकू जाते, हे त्याच्या ध्यानात राहिले नाही, आणि मीही सांगितले नाही. वाचून संपल्यावर भिंतीवर काठी वाजली. दादा म्हणाले, "ज्ञानू, त्ये बटनांचं पुन्यांदा वाच." त्याने वाचले. मग दादा म्हणाले, "कागदावरनं मला कळायचं न्हाई. रखमाला म्हनावं, मी येतो तिकडं. हातानं दाव."

ते अंगणाला वळसा घालून आले. यायला वेळ लागला. त्यांना रेडिओपुढे बसवले. पहिले बटण त्यांनीच फिरवले. दिवा लागला, आणि ते न थापटता थांबले. आवाज आला तेव्हा नखाची खूण चाचपून त्यांनी तो स्वतःच कमी केला.

त्यांनाही साक्ष घालायची होती. ज्ञानू म्हणाला, ज्याला मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते. दादा म्हणाले, "मग नुसता बसतो." त्यांचा अंगठा ज्ञानूने निराळ्या जागी घेतला आहे.

वरील सर्व मजकूर मला मान्य आहे. कलम तीनही कायम.

ठिकाण : किकवी. तारीख : १२ फेब्रुवारी १९७४.

सही : रखमाजी कोंडिबा दामगुडे

साक्षीदार :
१. ज्ञानू धोंडिबा शिंदे, पोस्ट, किकवी
२. जगन मारुती खोपडे, शेती, किकवी

समक्ष हजर, साक्षीदार नव्हे :
चिमाजी कोंडिबा दामगुडे (डाव्या हाताचा अंगठा), राहणार सदर घर