आडवा ढालकरी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

हरले. हरले कसली — हरवलं मला! तळपायाची आग मस्तकात गेलीय आणि ती उतरेपर्यंत लिहिणार आहे.

माझा सरदार मेला. टेबलावरच्या लढाईच्या खेळातला, बोटभर उंचीचा, पण महिनाभर खपून रंगवलेला. त्याला अगदी चिकटून माझा ढालकरी उभा होता. ढालकऱ्याच्या कार्डावर काय छापलंय? शेजारचा आपला सैनिक मरणार असेल तर ढालकरी मध्ये येऊ शकतो, मग त्याच्या जागी ढालकरी मरतो. बस, एवढंच. मी म्हटलं, ढालकरी मध्ये आला, उचल त्याला.

तर समोरून विराट म्हणतो, "अक्का, स्वल्प थांब. तुझं कार्ड आडवं आहे."

आडवं होतं, मान्य. त्याच फेरीत ढालकऱ्याने त्याचा एक भालेवाला मारला होता, आणि ज्याची चाल झाली त्याचं कार्ड आम्ही आडवं करून ठेवतो. पण चाल संपली म्हणजे हातातली ढाल गळून पडते का? आडव्या कार्डाने मध्ये यायचं नाही असं कुठे लिहिलंय ते दाखव म्हटलं. "नाही लिहिलं, अक्का. पण यायचं असंही नाही ना लिहिलं." हसत हसत! चिकपेटच्या बाजारात तीन पिढ्या साड्या विकून या घराण्याच्या जिभेला हाड राहिलेलं नाही.

पंच अप्पासाहेबकाका. त्यांच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये खेळतो, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. चष्मा पुसला, म्हणाले, "आडवं म्हणजे आडवं. त्या फेरीपुरतं त्याचं काम संपलं." संपलं. एका वाक्यात सरदार गेला, सामना गेला, हैदराबादच्या स्पर्धेला जाणाऱ्या टीममधली चौथी जागा गेली. वर्षभर त्या एका जागेसाठी दर रविवारी बस, मेट्रो बदलत व्हाइटफील्ड गाठतेय मी.

वर काकांनी वही पुढे केली. आमच्यात वादाचा निर्णय वहीत लिहायचा, तोही हरणाऱ्याने आपल्या हाताने, आणि खाली जिंकणाऱ्याची सही. म्हणजे मागाहून कटकट नको. काका कोर्टात शिरस्तेदार होते, त्यांचीच ही पद्धत. मी पेन टेबलावर ठेवलं आणि निघून आले. नाही लिहिणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज तपासणीत चार पेट्या माल परत पाठवला. सुपरवायझर म्हणतो, "एवढं चालतंय की, मॅडम." नाही चालत. ड्रॉइंगवर लिहिलंय ते वाचायचं, नाही लिहिलेलं मनाने घुसडायचं नाही. बोम्मसंद्राच्या प्लांटमध्ये नऊ वर्षं मी हेच करतेय, आणि मला हे लोक वाचायला शिकवणार!

११ नोव्हेंबर, मंगळवार

खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच पत्र लिहिलं. कार्डाचा फोटो, टेबलाचा फोटो, कुणाची चाल कधी झाली, सगळं. दोनदा खोडलं, कारण दोन्ही वेळा शिव्या आल्या होत्या.

विराटचा मेसेज: "सरी, ठीक आहे अक्का, रागावू नको, रविवारी परत खेळू." जागा परत दे मग. उत्तर दिलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अर्धी रजा टाकून काकांकडे गेले. वही मागितली. चार वर्षांचे निर्णय आहेत तीत, कधीतरी कुणाचा आडवा ढालकरी मध्ये आलाच असेल. मग तो निर्णय काकांच्या नाकासमोर धरायचा, असा बेत.

सापडला. ९ एप्रिल २०२३. ‘कार्ड आडवं असेल तर ढालकरी मध्ये येऊ शकत नाही.’ अक्षर प्राणेशचं, सुरेख गोल कन्नड. खाली सही माझी. लफ्फेदार, जिंकणाऱ्याची.

काका शांतपणे म्हणाले, "मी तुझाच निर्णय लावला, गौरी. अर्धा तास भांडून तूच मला पटवलं होतंस. आता तुझ्यासाठी वेगळा कसा लावू?"

रविवारीच का नाही बोललात, म्हटलं.

"मला वाटलं, तुला आठवत असेल."

नव्हतं आठवत. देवाशपथ नव्हतं. आता मात्र सगळं आठवतंय. प्राणेशनेच मला या खेळात आणलं. प्लांटमध्ये पलीकडच्या लाइनला होता, जेवणाच्या सुट्टीत ब्रश कसा धरायचा ते शिकवायचा. त्या दिवशी त्याचा ढालकरी आडवा होता, आणि तो म्हणाला होता, चाल संपली म्हणजे हातातली ढाल गळून पडते का? त्याचंच वाक्य! रविवारी मी तावातावाने माझं म्हणून बोलले. आणि तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला काय म्हटलं? "नियम वाचून येत जा." त्याने मान खाली घालून निर्णय लिहिला. मे महिन्यात चेन्नईच्या स्पर्धेला त्याच्या जागी मी गेले.

त्यानंतर तो दोनच रविवार आला. माझ्या सैनिकांचे डोळे रंगवून दिले, कारण डोळे रंगवताना माझा हात कापतो. मेलेल्या सरदाराचे डोळेही त्याचेच. मग यायचा थांबला. पुढे नोकरी बदलली. मी सगळ्यांना सांगितलं, त्याला हल्ली वेळ नसतो.

‘तो प्रसंग वेगळा होता’ असं आत्ता इथे लिहिलं होतं. खोडलं. वेगळा नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. राग तेवढाच आहे, पण काढू कुणावर?

वही घरी घेऊन आलेय. काका नाही म्हणाले नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या जाणार नाही. कंपनीचं उत्तर न आलेलंच बरं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आलं. ‘कार्ड आडवं असलं तरी ढालकरी मध्ये येऊ शकतो. पुढच्या छपाईत तशी ओळ घालू.’ म्हणजे माझंच बरोबर होतं. काकांना दाखवलं की हैदराबादची जागा माझी.

त्याखाली आणखी एक ओळ होती. हाच प्रश्न तुमच्या शहरातून आधी आला होता, तेव्हाचं उत्तर सोबत जोडत आहोत. ते उघडलं. सुरुवात ‘प्रिय प्राणेश’. तारीख १३ एप्रिल २०२३.

१६ आणि २३ तारखेला तो माझ्यासमोर बसून माझ्या सैनिकांचे डोळे रंगवत होता. हे उत्तर तेव्हा त्याच्या फोनमध्ये होतं. चेन्नईला अजून महिना होता.

वहीतल्या कोऱ्या पानावर लिहिलं: ‘९ एप्रिल २०२३ चा सामना प्राणेश जिंकला.’ हरणाऱ्याने आपल्या हाताने लिहायचं असतं. खाली त्याच्या सहीची जागा सोडलीय. काकांना अजून काही पाठवलेलं नाही. आधी त्याला फोन लावलाय. वाजतोय.