एकोणीस पायऱ्यांची कंपनी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, धंदा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा आणि सध्या एका कचेरीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर पाट्या टाकण्याचा, राहणार वडिलांनी बांधलेल्या घराचा वरचा मजला, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वहस्ताक्षरात आणि चष्मा लावून लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. वैताग आहे, पण वैताग शुद्धीच्या आड येत नाही, असा वकिलांचा निर्वाळा आहे. निमित्त एवढेच की येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंनी विचारले, "रोज किती पायऱ्या चढता?" मी म्हणालो, "एकोणीस. पण त्या वादात आहेत." त्यांनी कागदावर नुसते एकोणीस लिहिले.

कलम पहिले. वरचा मजला, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गळकी गॅलरी, माझ्या पश्चात माझ्या पत्नीचा. गळतीही तिचीच. "गवंडी आणू या" असे ती सात वर्षे म्हणते आहे आणि "गवंडी फसवतात" असे मी सात वर्षे म्हणतो आहे. आता तिने खुशाल आणावा.

कलम दुसरे. बँकेत जे सापडेल तेही तिचे. याहून लांब कलम लिहावे इतके तिथे काही नाही.

कलम तिसरे. संस्कृतचे दोन कोश आणि व्याकरणाच्या माझ्या वह्या मुलीला. तिला त्या नको आहेत हे मला ठाऊक आहे. मलाही वडिलांकडून आल्या तेव्हा नकोच होत्या.

कलम चौथे. मापपट्ट्या आणि अक्षरांच्या ओळी आखायची खडूची दोरी चित्रकलेच्या शाळेला. पत्र्याच्या डब्यातले सतरा ब्रश मात्र माझ्या धाकट्या भावाचे आहेत. ज्याचे त्याला मृत्युपत्राने देता येत नाही, फक्त परत करता येते. ते मी नऊ वर्षे टर्पेंटाइनमध्ये धुऊन ठेवत आलो. का, ते कोणी विचारू नये.

कलम पाचवे. आता कंपनी. बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी पाट्या रंगवण्यासाठी ती काढली. प्रायव्हेट लिमिटेड, निम्मे शेअर माझे, निम्मे त्याचे. नाव मी ठेवले. त्यात इतकी जोडाक्षरे होती की गिऱ्हाइके आम्हाला 'जिन्यावाले' म्हणत, कारण आमचे कार्यालय जिन्याखालच्या खोलीत होते. संस्कृतात दोघांसाठी वेगळे वचन असते. मराठीत ती सोय नाही. आमच्याकडे दोनाचे फार लवकर अनेक होतात.

झाले ते असे. नऊ वर्षांपूर्वी एका औषधवाल्याच्या दुकानावर पाटी चालली होती. धाकटा शिडीवर, मी खाली. औषधवाला म्हणाला, "काय अक्षर आहे हो!" मी म्हणालो, "आखणी माझी. तो नुसता रंग भरतो." धाकट्याने ऐकले. हातातले अक्षर त्याने पुरे केले, ब्रश धुतला, खाली उतरला आणि पुन्हा कधी शिडी चढला नाही. महिन्याभरात घराची वाटणी झाली. वर मी, खाली तो. जिना कोणाचा, यावर मात्र दोघेही अडून बसलो. मला घरी जायला तो लागतो, त्याला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे जायला. शेवटी वकील म्हणाले, "कंपनीच्या नावावर करा ना! कंपनी दोघांची, जिना कंपनीचा." आम्हाला ते फार हुशारीचे वाटले. दोन गाढवांना एकाच वेळी हुशार वाटणारी गोष्ट तपासून घ्यावी, एवढे ज्ञान या कलमाद्वारे पुढच्या पिढीस देतो.

तेव्हापासून कंपनी काही करत नाही आणि तिच्यासाठी मला सगळे करावे लागते. दरवर्षी सरकारी संकेतस्थळ विचारते: यंदा कंपनीने काय केले? काही नाही. नोकर किती? शून्य. शाळेत निर्गुण, निराकार, निष्क्रिय ही विशेषणे परब्रह्मासाठी पाठ केली होती. उपयोग इथे झाला. फरक इतकाच की परब्रह्माला फॉर्म उशिरा भरल्याचा दंड होत नाही. सीए दरवर्षी कपाळावर हात मारतात.

"अहो, बंद करून टाका. मेलेली कंपनी सांभाळताय कशाला?"

"जिन्याचं काय?"

"कसला जिना?"

दरवर्षी त्यांना नव्याने सांगावे लागते, की जिना पोटात ठेवून कंपनी मिटवली तर तो सरकारजमा होईल, आणि मग माझ्या बायकोला भाजीची पिशवी घेऊन स्वतःच्या घरी जायला सरकारची परवानगी लागेल. आधी जिना बाहेर काढायचा तर दोघांची सही हवी. आणि आमची वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाने सहीची आशा धरू नये. सभा जिन्यावरच होते. मी सातव्या पायरीवर, तो तिसऱ्या. मी "बंद करू" म्हटले की तो "चालू राहू दे" म्हणतो. पुढल्या वर्षी मी मुद्दाम "चालू ठेवू" म्हटले, तर म्हणाला, "कशाला? बंद कर." नऊ वर्षांची इतिवृत्ते जपून ठेवली आहेत, प्रत्येकाचा शेवट 'विषय तहकूब'. त्याहून जास्त तो बोलत नाही. टाकी धुवायला माझ्या दारावरून जातो, आत पाऊल टाकत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने लिहिली पाहिजे. जिन्याला कठडा बसवावा, हा विषय सहा वर्षे सभेपुढे होता. धाकटा म्हणे, "भिंत आहे की धरायला." मग पत्नी चौथ्या पायरीवरून घसरली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेले. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडले तर लोखंडी कठडा उभा, रंगवलेला, तिच्या उंचीला बेतलेला. ठराव नाही, सभा नाही. पुढल्या इतिवृत्तात मी 'कठडा स्वयंभू आहे' अशी नोंद केली. त्याने वाचून सही केली.

कलम सहावे. सबब, माझे सर्व शेअर, कायद्याला दुसरा भागधारक लागतो म्हणून पत्नीसाठी एक वगळून, धाकट्या भावास देतो. कंपनी बंद करावी की ठेवावी हे त्याने एकट्याने ठरवावे. फॉर्मही त्यानेच भरावेत. तो 'बंद' म्हणाला तर 'चालू' म्हणायला आता समोर कोणी नसेल. ही शिक्षा मी पुरेशी समजतो. तसेच 'तो नुसता रंग भरतो' हे माझे वाक्य मी या लेखाने मागे घेतो. आखणी कोणालाही येते.

येथवर लिहून पत्नीला वाचून दाखवले. ती पालेभाजी निवडत होती.

"म्हणजे माझ्या दारापर्यंतचा जिना भाऊजींचा?"

"तो तुला अडवणार नाही."

"ते मला माहितीय. तुम्हाला माहितीय का, तेवढं बघत होते." मग म्हणाली, "आणि हे माफीचं मेल्यावर का? तो काही बोलला तर ऐकायला लागू नये म्हणून ना?"

मी म्हणालो, मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते, तशी कायद्यात तरतूद आहे.

"तरतूद राहू दे. तो खालीच आहे. चपला घाला."

कलम सातवे. म्हणून खाली गेलो. धाकट्याने कागद दारातच घेतले आणि उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचले. सहाव्या कलमापाशी बराच वेळ थांबला.

"गुरुवारी आहे होय?"

"गुरुवारी."

"मला कोणी सांगितलं नाही."

"सभेच्या विषयपत्रिकेत नव्हतं."

तो हसला नाही. म्हणाला, "दादा, ज्याला काही मिळणार असतं, त्याला साक्षीदार होता येत नाही ना?"

"नाही. वकिलांनी बजावलंय."

"मग मला यातून काढ."

"का?"

"मला सही करायचीय. जिना वहिनीच्या नावावर कर आणि कंपनी बंद कर. मला टाकीपर्यंत जाऊ देईल ती. मागे घेतलेलं वाक्य तेवढं खोडू नकोस."

हेच तो नऊ वर्षांपूर्वी म्हणाला असता तर नऊ वर्षांचे फॉर्म वाचले असते. पण तेव्हा मीही हे लिहिले नव्हते, हे इथे नोंदवणे भाग आहे. "ठीक आहे," मी म्हणालो. त्याने कागद पुन्हा उलटून पाहिले. माझ्या विरोधाची त्याला सवय होती.

कलम आठवे. कलम सहाव्यातली शेअरची तरतूद रद्द. माझे सर्व शेअर पत्नीस. जिना प्रथम तिच्या नावे करावा, गच्चीवर जाण्याचा धाकट्याचा हक्क त्यात लिहावा, आणि मग कंपनी बंद करावी, असा ठराव आज दोन्ही संचालकांनी एकमताने मंजूर केला आहे. माझ्या हयातीत ते काम पुरे न झाल्यास पत्नीने धाकट्याच्या सहीने पुरे करावे. सीएंना 'कसला जिना' ते या खेपेस तिने समजावावे. एकमताने हा शब्द इतिवृत्तात लिहिताना मला दोनदा थांबावे लागले.

हे मृत्युपत्र दोघा साक्षीदारांसमक्ष वाचून, समजून त्यावर सही केली.

स्थळ: वरचा मजला, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार, संध्याकाळी सहा.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिल्या, आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई: (सही) लिहून देणाऱ्यांची नाडी पाहिली. ठीक आहे. चिडचिड कमी करावी.

साक्षीदार दुसरा, लिहून देणाऱ्यांचा धाकटा भाऊ: (सही) सही करताना दादा पूर्ण शुद्धीवर होते. नऊ वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिले.